तोळाभर सोनं किती अंथरता येईल?

सराफाच्या पेढीवर आज तोळा म्हणजे १० ग्रॅम. मुठीत घेतलं तर दिसणारही नाही इतकं. तेवढंच सोनं जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कानाझावा शहरातल्या वर्खाच्या कारागिराकडे द्या. ठोकत ठोकत तो ते पाच चौरस मीटरांहून जास्त पसरवतो. डबलबेडची अख्खी चादर! या वर्खाची जाडी साधारण ०.०००१ मिलिमीटर. असे दहा हजार वर्ख एकावर एक रचावेत, तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरतो. उजेडासमोर धरला तर सोन्यातून हिरवट-निळा प्रकाश आरपार येतो. जपानमध्ये बनणाऱ्या सोन्याच्या वर्खापैकी जवळजवळ ९९ टक्के वर्ख साडेचार लाख वस्तीच्या या एका शहरातून येतो.

गंमत अशी, की एके काळी कानाझावाचा दबदबा होता तो ढिगाऱ्यामुळे. तांदळाच्या ढिगाऱ्यामुळे.

१५८३ मध्ये सरदार माएदा तोशिइए इथल्या किल्ल्यात आला. त्या काळी जपानमध्ये जहागिरीची किंमत 'कोकू'त मोजत. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर, अंदाजे १५० किलो तांदूळ. एका माणसाची वर्षाची बेगमी. दहा हजार कोकूंची जमीन असली की माणूस मोठ्या सरदारांत गणला जाई. माएदांच्या जहागिरीचा आकडा पुढे स्थिरावला तो १० लाख २५ हजार कोकूंवर! आजच्या मापात १५ कोटी किलोंहून अधिक. पन्नास किलोंची तीस लाख पोती, दर वर्षी. तोकुगावा शोगुनांचं, म्हणजे देश चालवणाऱ्या लष्करी राज्यकर्त्यांचं घराणं सोडलं तर एवढी जहागीर देशात दुसऱ्या कोणाचीही नव्हती.

खर्चही त्याच तोलाचा. सरदाराला ठराविक काळाने शोगुनच्या एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, हजेरी लावावी लागे. सुमारे ४८० किलोमीटरांची वाट, बारा-तेरा दिवसांचा प्रवास आणि कधी कधी चार हजारांपर्यंत माणसांचा लवाजमा. शिवाय १६३१ मध्ये कानाझावात आग लागली, तेव्हा पुढच्याच वर्षी ११ किलोमीटरांचा तात्सुमी कालवा खणून शहरात पाणी आणलं गेलं.

पण इतकं धान्य शोगुनांच्या डोळ्यांत खुपणारच. म्हणून माएदांनी संपत्ती तलवारींपेक्षा कलेकडे वळवली. शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या कारखान्यात लाखकाम आणि नक्षीकाम होऊ लागलं. वर्ख ठोकायची परवानगी मात्र शोगुनांनी एदो आणि क्योतोपुरती ठेवली होती. तरीही कानाझावाचे कारागीर चोरून ठोकत राहिले.

१८७१ मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या. कोकूंचा हिशेब इतिहासजमा झाला आणि लपूनछपून जपलेली ती कला उजळ माथ्याने बाहेर आली. १९८७ मध्ये क्योतोच्या प्रसिद्ध सुवर्णमंडपाला नवी झळाळी मिळाली, ती कानाझावाच्या वर्खाने. एरवीच्या पाचपट जाड असे सुमारे दोन लाख वर्ख आणि वीस किलो सोनं! २०२० मध्ये युनेस्कोने जपानी लाकडी वास्तू जपणाऱ्या पारंपरिक कौशल्यांना अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात या वर्खाची जुनी पद्धतही आहे.

तीस लाख पोत्यांचं पीक ज्या त्या वर्षी खाऊन संपलं. टिकलं ते हलक्या हाताचं कसब. आजही कारागीर बांबूच्या चिमट्याने वर्ख उचलतो, कागदावर ठेवतो आणि हलकेच फुंकर घालून सपाट करतो. फुंकर जरा जोराची झाली, तर वर्ख फाटतो.