मुखवटा आणि प्रेक्षक : ‘व्ही फॉर व्हेंडेटा’विषयीचे मतभेद

हुकूमशाहीविरुद्धच्या बंडाची कथा पाहून सारे प्रेक्षक एकाच मताने बाहेर पडावेत, असे सकृद्दर्शनी वाटते. जुलमाची बाजू उघडपणे कोण घेणार? तरीही २००६ साली प्रदर्शित झालेल्या ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ या चित्रपटाविषयी आजही टोकाची मते ऐकू येतात. हा मतभेद केवळ आवडीनिवडीचा नाही. त्यात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत.

कथा थोडक्यात अशी. नजीकच्या भविष्यातील इंग्लंड. साथीच्या रोगाने भेदरलेल्या जनतेने सुरक्षिततेच्या आशेने सारी सत्ता चान्सेलर सटलरच्या हाती दिली आहे. ती साथ सत्ताधाऱ्यांनीच पसरवली होती, हे पुढे उघड होते. छळछावणीतून वाचलेला, ‘व्ही’ एवढेच नाव सांगणारा माणूस गाय फॉक्सचा मुखवटा घालून सूड उगवतो. फॉक्स म्हणजे १६०५ साली पार्लमेंट सुरुंगाने उडवण्याच्या कटात पकडला गेलेला बंडखोर. व्हीच्या या वाटेवर ईव्ही ही दूरचित्रवाणी केंद्रातली साधी नोकरदार मुलगी ओढली जाते.

पहिला प्रश्न साधनांचा. चित्रपट मुळात नोव्हेंबर २००५ मध्ये, त्या कटाला चारशे वर्षे होताना, यायचा होता. तो आला पुढच्या मार्चमध्ये. दरम्यान जुलै २००५ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत खरोखरीचे बॉम्बस्फोट झाले होते, आणि चित्रपटाच्या शेवटी स्फोटके भरलेली भुयारी गाडीच पार्लमेंटकडे धाडली जाते. कुणाला यात मुक्ती दिसली, कुणाला दहशतवादाचे उदात्तीकरण. दोघांनाही आधार सापडतो. मुखवटे घातलेले हजारो निःशस्त्र नागरिक चालत येतात आणि सैनिक गोळी झाडत नाहीत, हे खरे. पण हुकूम देणारे तोवर मारले गेले आहेत, हेही खरे.

दुसरा प्रश्न संमतीचा. ईव्हीला कोठडीत डांबून, केस भादरून यातना दिल्या जातात. तिथे तिला व्हॅलरी नावाच्या अभिनेत्रीचे पत्र सापडते. एका स्त्रीवर प्रेम केले म्हणून राजवटीने तिचा बळी घेतलेला असतो. पुढे कळते की कोठडी खोटी होती आणि छळणारा खुद्द व्हीच होता. कित्येक प्रेक्षक याला अग्निदिव्य मानतात, कित्येकांना तो अक्षम्य गुन्हा वाटतो. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. दुसऱ्याला न विचारता त्याला निर्भय करू पाहणारा माणूस सटलरचीच रीत उचलतो. ईव्हीला बळ मिळते ते खऱ्या पत्रातून. अखेरीस गाडी सोडण्याचा निर्णय व्ही तिच्यावर सोपवतो, तेव्हा चित्रपटालाही ही अडचण जाणवली असावी.

तिसरा प्रश्न मूळ कृतीशी इमान राखण्याचा. अ‍ॅलन मूर आणि चित्रकार डेव्हिड लॉइड यांची ही चित्रकथा १९८२ मध्ये ‘वॉरियर’ या ब्रिटिश नियतकालिकात सुरू झाली. मूर यांनी चित्रपटातून आपले नाव काढून घेतले. त्यांच्या कथेतला झगडा फॅसिझम आणि अराज्यवाद यांचा होता. पटकथेने तो तत्कालीन अमेरिकी राजकारणाचा केला, हा त्यांचा आक्षेप. पुस्तकातला हुकूमशहा एकाकी, कीव यावी असा माणूस आहे. पडद्यावर तो भिंतीएवढा ओरडणारा चेहरा होतो. गंमत अशी की ही भूमिका करणाऱ्या जॉन हर्ट यांनीच १९८४ साली ऑर्वेलच्या कादंबरीवरील चित्रपटात दडपला गेलेला विन्स्टन स्मिथ रंगवला होता.

पुढे हा मुखवटा चित्रपटाबाहेर पडला. २०११ च्या वॉल स्ट्रीटवरील आंदोलनात तो अनेकांच्या चेहऱ्यावर होता. आणि अधिकृत मुखवट्याच्या विक्रीतून स्वामित्वधन मिळत होते ते एका बलाढ्य चित्रपट कंपनीला. बंडाचे चिन्ह बाजारात विकत मिळते. त्याचा अर्थ मात्र प्रत्येकाला स्वतः ठरवावा लागतो. चित्रपट पार्लमेंटच्या स्फोटापाशी थांबतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कायदा कोण करणार, न्याय कोण देणार, हे तो सांगत नाही. प्रेक्षकांचा खरा वाद तिथूनच सुरू व्हायला हवा.