माई, शेवंता आणि आपण



काजू फोडताना चिकानं हात काळे होतात, पण तोंड मोकळं असतं. २०१९ साली ‘रात्रीस खेळ चाले’चा दुसरा भाग सुरू झाला, तेव्हा आमच्या गप्पांत रोज नाईकांचा वाडा असायचा. चित्रीकरण आकेरीचं, बोली आपली मालवणी. गोष्ट जुन्या काळातली, तरी माणसं शेजारची वाटायची.

आम्ही शेवंताला नावं ठेवायचो, माईला ‘गरीब गाय’ म्हणायचो. माधव अभ्यंकरांनी अण्णा असा काही उभा केला, की त्याच्या दराऱ्याचं मात्र कौतुकच व्हायचं. एकदा आमच्यातली एक म्हणाली, “अण्णान घर मोडल्यान, आणि गाळी शेवंताक? ह्यो खयचो न्याय?” सगळ्यांचे हात थांबले.

माई गप्प का राहिली? जमीन, वाडा, पैसा सगळं अण्णाच्या हातात. आपण सोशिकपणा म्हणतो, तो खरं तर नाइलाज असतो.

आज माईला आधार आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार नुसती मारहाण नव्हे, तर घालूनपाडून बोलणं, खर्चाला पैसे न देणं हीसुद्धा हिंसाच. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बायकोला तिथं राहण्याचा हक्क आहे. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते. मदतीसाठी १८१ हा क्रमांक आहे.

मालिका संपली. पण शेजारची माई दिसली, तर ‘सोसता बिचारी’ म्हणून उठू नका. जवळ बसा, तिचं ऐका.