मेक्सिकोतील पितरांचा सण

मृतांचा सण म्हटला की आपल्यासमोर काळोख आणि रडारड उभी राहते. मेक्सिकोतील लोक मात्र हा सण गात-खात साजरा करतात. गेल्या वर्षी वाहाका शहरात तो पाहण्याचा योग आम्हा कुटुंबीयांना आला.

१ नोव्हेंबरला लहानपणी गेलेली मुले आणि २ नोव्हेंबरला मोठी माणसे घरी येतात, अशी तेथील श्रद्धा आहे. त्यांच्यासाठी घरोघरी 'ओफ्रेंदा' मांडतात. पायऱ्यापायऱ्यांचा देव्हाराच म्हणा ना! त्यावर गेलेल्यांचे फोटो, मेणबत्त्या, मीठ, फळे, गोड पाव, साखरेच्या कवट्या आणि वाटचालीने तहानलेल्या आत्म्यासाठी पेलाभर पाणी. ज्याला जे आवडे तेही ठेवतात : कोणाला चॉकलेट, कोणाला मोले नावाचे मसालेदार कालवण, तर कोणाला चक्क दारूची बाटली! कोपाल नावाच्या डिंकाचा धूर आपल्या धुपासारखा दरवळतो. पितृपक्षातले पान आठवले नाही तरच नवल.

आणि फुले? झेंडूची! आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा याच देशाचा. युरोपीय जहाजांतून तो भारतात गेला. येथे दारापासून ओफ्रेंदापर्यंत त्याच्या पाकळ्यांची वाट घालतात. रंग आणि वास ओळखून आत्मा घर शोधतो म्हणे.

३१ ऑक्टोबरच्या रात्री आम्ही जवळच्या गावातील कब्रस्तानात गेलो. थडगी फुलांनी झाकलेली, शेकडो मेणबत्त्या पेटलेल्या, कुटुंबेच्या कुटुंबे गप्पा मारीत बसलेली. स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच्या चालीरीती आणि ख्रिस्ती धर्म यांच्या मिश्रणातून झालेल्या या सणाला युनेस्कोने २००८ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. राजधानीतील मोठी मिरवणूक मात्र २०१६ पासूनची, तीही एका इंग्रजी सिनेमात दाखवली म्हणून सुरू झालेली!

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजीबाईंनी विचारले, "तुमची माणसे कोण? त्यांची नावे लिहा, आमच्याजवळ ठेवू." श्राद्धात तीन पिढ्यांची नावे घेतात, ती आम्ही लिहिली. पण मुंबईहून जहाजात बसून मॉरिशसला जो आला, त्याचे नाव कोणालाच सांगता येईना. आजीबाईंनी काही न बोलता पाण्याचा आणखी एक पेला भरून ठेवला.

वाचकहो, २ नोव्हेंबर हा आपलाही दिवस आहे. १८३४ साली याच तारखेला 'ॲटलस' जहाजाचे शर्तबंद मजूर पोर्ट लुईला उतरले. म्हणून आपल्याला सुट्टी असते. त्या मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. त्यांत नाव, गाव, कित्येकदा बापाचे नाव आणि काहींचे फोटोही सापडतात. घरातल्या वृद्धांना विचारा, जुने कागद काढा आणि मुलांना घेऊन तेथे जा. निदान एक नाव तरी घरी आणा.