पिल्लं मरतात थंडीने, पोरं आजारी पडतात हाताने

लासूर स्टेशनहून आलेल्या एका आजींनी ओपीडीत साडेतीन वर्षांच्या नातवाला माझ्यासमोर बसवले. दोन दिवस जुलाब, ताप, पोटात मुरडा. काय खाल्ले, पाणी कुठले, बाहेरगावी गेला होता का, हे नेहमीचे प्रश्न झाले. काही सापडेना. उठता उठता आजीच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, बाजारातून आणलेली पिल्लंबी मरायलीत घरी. पंचवीस होती, सोळा राहिली. अन् हा त्यांना उरावर घेऊनच झोपतो."

त्यांना बसायला सांगितले आणि प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

कोंबडीच्या पिल्लाच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. गंमत अशी की पिल्लू ठणठणीत दिसते, दाणे टिपते, चिवचिवाट करते आणि तरीही त्याच्या विष्ठेतून हे जंतू बाहेर पडत असतात. ते पिसांना लागतात, पायांना लागतात, पाण्याच्या भांड्याला लागतात. मूल पिल्लाचा मुका घेते, तेच बोट तोंडात घालते. साधारण सहा तास ते सहा दिवसांत जुलाब, ताप, मुरडा सुरू होतो. बहुतेक रुग्ण चार ते सात दिवसांत बरे होतात. त्यांना लागते ते ओआरएसचे पाणी; अँटिबायोटिक बहुधा लागत नाही. मात्र तान्हे बाळ, म्हातारे माणूस, गरोदर बाई किंवा आधीच एखाद्या मोठ्या आजाराने खंगलेला रुग्ण असेल तर वाट पाहू नये. शौचात रक्त, लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे, मूल मलूल पडणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उपाय साधाच आहे, पण घरात पाळला जात नाही. पिल्लांना हात लावला की साबणाने हात धुवायचे, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना पिल्ले हाताळू द्यायची नाहीत. पिल्लांची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत घासायची नाहीत, ती बाहेर अंगणात घासावीत. खोके स्वयंपाकघरात तर अजिबात नको.

आता नऊ पिल्ले मेली त्याचे काय? मी माणसांचा डॉक्टर, म्हणून पशुवैद्यक मित्राला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न होता, "रात्री ऊब काय देतात?" पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते, पुढे दर आठवड्याला ते तीनेक अंशांनी कमी करायचे. थर्मामीटर नसला तरी चालतो, पिल्लांकडे पाहावे. दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब पळून चोच उघडी टाकत असतील तर उकडते आहे. सगळीकडे पसरून निवांत असतील तर ठीक. खाली वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद अंथरू नये (आमचे हे पानसुद्धा नको), पाय घसरून फाकतात आणि ती उभी राहीनाशी होतात. भाताचे तूस किंवा भुईमुगाची टरफले बरी, पण कोरडी. ओलसर गादीत तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात चार खडे टाकावेत, नाहीतर पिल्लू बुडून मरते.

शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळली तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हळूच सोडवावी. बेंबीची खपली मात्र ओढू नये. नवखी माणसे या दोन्हींत गफलत करतात.

आजींच्या घरी ऊब कशी होती? बल्ब होता, पण रात्री वीज गेली की कोळशाची शेगडी. खोलीचे दार बंद, खिडकी बंद, आणि त्याच खोलीत आजी आणि नातू झोपलेले. हे ऐकून मी जुलाब विसरलो. बंद खोलीत कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, आणि झोपेतल्या माणसाला तेही कळत नाही. शेगडी असलेल्या खोलीत माणसाने झोपू नये, आणि हवा खेळती नसेल तर पिल्लेही तिथे ठेवू नयेत. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवाव्यात, वरून पोते अर्धे झाकावे.

राहिली लस. राणीखेत हा रोग १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला ओळखला गेला. आपल्याकडे कुमाऊंतल्या राणीखेतवरून त्याला नाव पडले. मराठीत तो मानमोडी. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही आपल्या लोकांनी हेच नाव दिले होते. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात देतात, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरोची लस. कुपी शंभरेक पिल्लांची असते आणि एकदा कालवली की एक-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकत्र येऊन एकाच दिवशी लस द्यावी. लसीचा थेंब आपल्या डोळ्यात उडाला तर डोळा लाल होतो, पाणी येते. सहसा आपोआप बरे होते, तरी लगेच स्वच्छ पाण्याने धुवावा.

पिल्ले मरू लागली की घरातल्या उरलेल्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणारे पुष्कळ. माणसाची औषधे कोंबड्यांना देत राहिलो की त्या औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात, आणि ते शेवटी आमच्याच वॉर्डात येतात. कोलिस्टिन हे आमच्या हातातले शेवटच्या फळीचे औषध. खाद्यप्राण्यांसाठी त्याच्या वापरावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने.

एक-दोन पिल्ले मेली तर तो बर्ड फ्लू नव्हे. पण मोठ्या कोंबड्या एकाएकी, एका-दोन दिवसांत पटापट मरू लागल्या तर गोष्ट वेगळी. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला कोंबड्यांमधला पहिला प्रादुर्भाव सापडला. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या मराठवाड्यातच, परभणीच्या मुरुंबा गावात. अशा वेळी मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये, नाल्यात फेकू नये, कापून खाऊ तर नयेच. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे, किंवा १९६२ वर फोन करावा.

आणि रात्री खुराड्यात पिल्लांचा गलका झाला तर बॅटरी घेतल्याशिवाय हात घालू नये. पिल्लांमागे उंदीर येतात, उंदरांमागे साप.

नातू तिसऱ्या दिवशी खेळायला लागला. आठवड्याने आजी पुन्हा आल्या, या वेळी स्वतःच्या गुडघ्यासाठी. पिल्ले चौदा उरली होती, आणि शेगडी अंगणात गेली होती.