हळदीच्या मातीत साठणारे तांबे

औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर परिसराच्या काळ्या रानात, पावसाचे पाणी हळदीच्या गादीवाफ्यांत मुरून राहिले की कंदकूज बळावते आणि मग फवारणी पंपाचे नोझल काढून झाडाच्या बुडाशी कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी केली जाते. दहा लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम या प्रमाणात मिसळल्या जाणाऱ्या या हिरवट भुकटीचा निम्मा भाग तांबे असतो. बहुतेक कीटकनाशकांचे रेणू कालांतराने मोडतात; तांबे मात्र मूलद्रव्य असल्याने मोडत नाही आणि पिकाने उचललेला अल्प अंश वगळता बहुतांशी वरच्या वीतभर थरातच राहते.

काळ्या मातीतील चिकणकण आणि चुनखडी तांब्याचे आयन घट्ट धरून ठेवतात, म्हणून अपाय लवकर दिसत नाही. ही या मातीची मोठी देणगी असली, तरी साठा वाढत असल्याचे त्यामुळेच ध्यानात येत नाही. जे आयन सुटे राहतात ते जिवाणूंच्या पेशीत शिरून विकरांची, म्हणजे जीवरासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांची, रचना बिघडवतात. तग धरणारे जिवाणू तांबे पेशीबाहेर उपसत राहतात. त्या उपशात ऊर्जा खर्ची पडते, परिणामी शेणखतातून मिळालेला कर्ब वाढीऐवजी श्वसनातच अधिक जळतो.

इंग्लंडमधील वोबर्न येथे 1942 ते 1961 या काळात जस्त, तांबे, निकेल व कॅडमियमयुक्त सांडपाण्याचा गाळ घातलेल्या शेतात, गाळ थांबवून वीस वर्षे लोटल्यावरही सूक्ष्मजीवांचे एकूण वस्तुमान शेणखताच्या शेतापेक्षा निम्म्याच्या आसपास होते, तर क्लोव्हरच्या मुळांवरील गाठी नत्र स्थिर करू शकत नव्हत्या. तेथील माती निराळी आणि धातूंचे मिश्रणही निराळे. तरीही हळदीनंतर सोयाबीन किंवा हरभरा घेणाऱ्या, त्यांच्या मुळांवरील गाठींवर विसंबणाऱ्या शेतकऱ्यासाठी हा दाखला गंभीर आहे.

मृदा आरोग्य पत्रिकेच्या 12 घटकांत तांबे आहे, परंतु ते पिकाला कमी पडते का हे पाहण्यासाठी. जिवाणूंची हालचाल त्यात कोठेच नाही, आणि हळदीच्या पट्ट्यात ही उणीव खटकते. ती हालचाल डिहायड्रोजिनेज चाचणीत दिसते: मातीत टीटीसी हे रंगहीन रसायन मिसळून एक दिवस उबेत ठेवल्यास जिवंत पेशी त्याचे लाल संयुगात रूपांतर करतात आणि त्या रंगाची तीव्रता मोजता येते. मात्र त्यासाठी नमुना नेहमीप्रमाणे सावलीत वाळवून चालत नाही. तो ओलसरच, थंड ठेवून प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो.