तीन कोटी मावतात, पाच हजारांवर अडतं

ऑफिसात शेअरपॉइंट घ्यायचं ठरलं की बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : जागा किती मिळणार? क्लाउडवरच्या नेहमीच्या योजनेत संस्थेला मूळ १ टेराबाइट आणि वर बहुतेक परवान्यांमागे १० जीबी मिळतात. म्हणजे २०० माणसांच्या कचेरीला साधारण ३ टेराबाइट. शिवाय एका यादीत ३ कोटी नोंदी राहू शकतात. सगळे निर्धास्त होतात. मग वर्ष-दोन वर्षांनी आवक-जावकची यादी उघडताना पडद्यावर सूचना येते : ५,०००ची मर्यादा ओलांडली आहे.

कोठार ३ कोटींचं, मग ५,०००वर अडसर कशाला?

याचं कारण तळाशी बसलेल्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये आहे. अभिलेख कक्षातला कारकून डोळ्यांसमोर आणा. दहा फायली मागितल्या तर तो दहा चिठ्ठ्या लावतो, बाकीच्यांचं काम चालू राहतं. कुणी हजारोंनी फायली मागितल्या तर चिठ्ठ्यांचा हिशेब ठेवणं परवडत नाही, आणि तो कक्षाचं दारच ओढून घेतो. एसक्यूएल सर्व्हरही तेच करतो. एका मागणीसाठी साधारण ५,००० ओळींना कुलपं लागली की तो पुढे सबंध तक्त्यालाच कुलूप घालू पाहतो. त्यातून शेअरपॉइंट एका डेटाबेसमधल्या अनेक याद्यांच्या नोंदी एकाच तक्त्यात ठेवतं. म्हणून हिशेब विभागाचा एक अवाढव्य शोध शेजारच्या विभागाचा रजेचा अर्जही थांबवू शकतो. हे टाळण्यासाठी २०१०च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ही वेस घातली.

यातली मेख अशी की पानावर ३०च नोंदी दाखवायच्या असल्या, तरी त्या शोधायला किती चाळाव्या लागतात, ते मोजलं जातं.

मर्यादाही सगळ्या एका जातीच्या नसतात. स्वतःच्या सर्व्हरवर ५,०००चा आकडा प्रशासकाला वाढवता येतो, मोठ्या शोधांना रात्रीची वेळही नेमून देता येते. क्लाउडवर मात्र तो हलत नाही. एका यादीत स्वतंत्र परवानग्यांची कमाल ५०,०००, पण ५,०००च्या आत राहा, असा कंपनीचाच सल्ला आहे. पहिला आकडा भिंत आहे, दुसरा शहाणपण.

म्हणून आखणी रकान्यांपासून करावी. वर्ष, विभाग, पक्षकार अशा ज्या रकान्यांवरून शोध होणार, त्यांना आधीच इंडेक्स लावावा; एका यादीत असे २० लावता येतात. पहिल्याच गाळणीत नोंदी ५,०००च्या खाली याव्यात. हे यादी लहान असतानाच उरकावं, कारण क्लाउडवर ती २०,०००च्या पुढे गेली की इंडेक्स आपोआप लागत नाही, हातानेच लावावा लागतो.

तेव्हा पुढच्या बैठकीत जागेसोबत आणखी एक गोष्ट विचारा : सोमवारी सकाळी दहाला ही यादी किती जण उघडणार, आणि काय शोधायला?