वस्तरा आणि श्मश्रू

पूर्वी सातारा-सांगलीकडील गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक असे. त्याच्या धोकटीतील वस्तरा साऱ्या गावास पुरत असे. १९०४ साली अमेरिकेत जिलेट यांस बदलत्या पात्याच्या सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले व श्मश्रू घरच्या घरी होऊ लागली. नवशिक्याने हाच वस्तरा निवडावा. केस पाण्याने भिजले म्हणजे मऊ होतात. म्हणून प्रथम ऊन पाण्याने तोंड धुवून साबणाचा दाट फेस लावावा. मग पाते किंचित तिरके धरून, दाब न देता, केसांच्या वाढीच्या दिशेने फिरवावे. मात्र विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्याचे पाते, तो सख्खा भाऊ का असेना, कदापि वापरू नये. डोळ्यांस न दिसणाऱ्या रक्तलेशातूनही ‘ब’ प्रकारच्या काविळीचे विषाणू शरीरात शिरतात. न्हाव्याकडेही नवे पाते मागण्यास संकोच नसावा.